मोटारसायकलमधील इंधनपातळी

मोटारसायकलच्या टाकीत किती पेट्रोल शिल्लक आहे आणि तेवढ्यावर वाहन किती अंतर जाईल, हे जाणून घेण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे इंधनपातळीची मोजदाद म्हणता येईल. ही मोजदाद मुख्यतः तीन मार्गांनी केली जाते : टाकीखालच्या पेट्रोल कॉकमधील ‘रिझर्व्ह’ची सोय, टाकीतील फ्लोटवर चालणारा इंधनदर्शक काटा आणि टाकी भरल्यापासून कापलेल्या अंतराची नोंद. पहिला मार्ग नव्या वाहनांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दुसरा सोयीचा असला तरी स्वभावतःच ढोबळ आहे. तिसऱ्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही आणि नियमित नोंद ठेवणाऱ्या चालकाला तोच सर्वाधिक भरवशाचा ठरतो.

पार्श्वभूमी

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेल्या बुलेट, येझदी, राजदूत यांसारख्या मोटारसायकलींवर इंधनाचा काटा सहसा नसे. चालक टाकीचे झाकण उघडून आत डोकावत, गाडी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकत किंवा स्वच्छ काडी आत बुडवून ओल किती चढली ते पाहत. महाराष्ट्रातील कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या लुना या मोपेडची टाकी लहान होती. परंतु तिला पायडल असल्याने पेट्रोल संपल्यावर ती सायकलसारखी चालवत पंपापर्यंत नेता येई. इंधन संपण्याच्या प्रसंगावरचा उपाय त्या वाहनाच्या रचनेतच अंतर्भूत होता.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात देशभर गाजली. कमी इंधनात जास्त अंतर हे या वर्गातील मोटारसायकलींचे मुख्य आकर्षण ठरले आणि पेट्रोल भरण्याच्या दोन वेळांमधील अंतर वाढत गेले. इंधनाकडे रोज लक्ष देण्याची सवय त्यामुळे काहीशी सुटली. मात्र टाकी मोठी असो वा इंजिन काटकसरी, शिल्लक किती हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो.

रिझर्व्हची रचना

रिझर्व्ह ही स्वतंत्र टाकी असते, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात टाकी एकच असते. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारसायकलच्या टाकीखाली पेट्रोल कॉक बसवलेला असतो आणि त्यातून दोन मार्ग टाकीत उघडतात. एका मार्गाची नळी टाकीच्या तळापासून काही सेंटिमीटर वर उभी असते. दुसऱ्याचे तोंड तळालगत असते. कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच नळीतून येते. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो आणि इंजिन अडखळू लागते. कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवला की तळालगतचा मार्ग खुला होतो आणि उरलेले पेट्रोल इंजिनाला मिळू लागते. बोली मराठीत याच क्षणाला ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतात.

या रचनेत इंधनपातळीची सूचना काट्यावर न मिळता थेट इंजिनाच्या वागण्यातून मिळते. त्यामुळे ती दुर्लक्षित राहत नाही. नळीची उंची ठरलेली असल्याने शिल्लक पेट्रोलही दर वेळी जवळजवळ तेवढेच असते. शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटर इंजिनाच्या मोटारसायकलींत ते साधारणतः एक ते दोन लिटर असते. नेमका आकडा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठी त्रुटी यांत्रिक नसून मानवी आहे. रिझर्व्हवर पंपापर्यंत पोहोचलेला चालक पेट्रोल भरतो, पण कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणण्याचे विसरतो. पुढच्या वेळी पेट्रोल कमी झाल्यावर इंजिन अडखळत नाही. ते तळापर्यंतचे सगळे पेट्रोल वापरून एकदम बंद पडते. कॉक फिरवायला हात जातो तेव्हा तो आधीच रिझर्व्हवर असल्याचे लक्षात येते. म्हणून पेट्रोल भरल्यावर झाकण लावणे आणि कॉक परत फिरवणे ही एकाच क्रियेची दोन अंगे मानली पाहिजेत.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक लागू झाले. ते पाळण्यासाठी बहुतेक मोटारसायकलींतील कार्ब्युरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. या प्रणालीत टाकीतील विद्युत पंप तळाजवळून पेट्रोल खेचून दाबाने इंजिनाकडे पाठवतो. त्यामुळे अशा वाहनांत हाताने फिरवायचा रिझर्व्ह कॉक राहिला नाही. माहितीपुस्तिकेत अजूनही ‘रिझर्व्ह’चा आकडा आढळतो, पण तो केवळ इशारा मिळण्याच्या वेळचा शिल्लक साठा असतो. इंजिन एकदा अडखळून चालकाला संधी देत असे, ती संधी येथे नसते.

इंधनदर्शक काटा

काट्याचे काम टाकीतील फ्लोट या तरंगणाऱ्या भागावर अवलंबून असते. फ्लोट एका दांड्याच्या टोकाला बसवलेला असतो आणि पेट्रोलच्या पृष्ठभागाबरोबर वरखाली होतो. दांड्याचे दुसरे टोक विद्युतरोधाच्या पट्टीवर सरकते. रोध बदलला की परिपथातील विद्युतप्रवाह बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. अंकीय पटल असलेल्या वाहनांत हाच संकेत पट्ट्यांच्या रूपाने दाखवला जातो. काही वाहनांत धोक्याचा दिवा तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकावर चालतो : पेट्रोलमध्ये बुडालेला असताना हा घटक थंड राहतो, पातळी खाली जाऊन तो उघडा पडला की तापतो, त्याचा रोध घटतो आणि दिवा लागतो.

काट्याला मर्यादा पडण्याचे मुख्य कारण टाकीचा आकार हे आहे. मोटारसायकलची टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसते. तिच्या तळाला मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणारे कप्पे असतात. वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद असल्याने पातळी एक सेंटिमीटर उतरली तर किती पेट्रोल खर्च झाले, याचे उत्तर वर एक आणि खाली दुसरे असते. फ्लोट पातळी मोजतो, आकारमान नव्हे. त्यामुळे काटा पहिल्या अर्ध्यावर बराच काळ रेंगाळतो आणि नंतर झपाट्याने उतरतो, असा अनुभव अनेकांना येतो.

वाहनाच्या स्थितीचाही काट्यावर परिणाम होतो. साइड स्टँडवर मोटारसायकल डावीकडे कलते आणि फ्लोट ज्या बाजूला असेल त्यानुसार काटा कमी किंवा जास्त दाखवतो. घाटातील चढ-उतारावर पेट्रोल मागेपुढे सरकते. म्हणून सपाट जागी, वाहन मधल्या स्टँडवर किंवा सरळ उभे धरून घेतलेले वाचनच तुलनेसाठी उपयोगी असते. फ्लोट अडकणे, रोधपट्टी झिजणे किंवा तारेचा जोड सैल होणे हे या यंत्रणेतील नेहमीचे दोष आहेत. पेट्रोल भरूनही काटा जागचा हलत नसेल, तर दोष टाकीतील यंत्रणेत किंवा तिच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक असतो.

काही नव्या मोटारसायकली उरलेल्या पेट्रोलवर किती किलोमीटर जाता येईल, तो आकडाही दाखवतात. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून खर्च झालेले पेट्रोल काढले जाते आणि त्याची सांगड पातळीशी घातली जाते. हा आकडा नुकत्याच झालेल्या प्रवासावर आधारलेला असल्याने शहरातील गर्दीतून मोकळ्या रस्त्यावर आल्यावर तो वाढतो आणि उलट दिशेने घटतो. ते भाकीत असते, माप नव्हे.

अंतराच्या नोंदीवरून मोजदाद

या पद्धतीत टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवतात किंवा ट्रिप मीटर शून्यावर आणतात. पुढच्या वेळी टाकी पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरली की जितके लिटर बसले तितकेच मधल्या प्रवासात खर्च झाले, हे उघड होते. पहिल्या वेळी आकडा १२,३४० आणि दुसऱ्या वेळी १२,७२५ असेल आणि टाकीत ७ लिटर पेट्रोल बसले असेल, तर ३८५ किलोमीटरला ७ लिटर, म्हणजे लिटरला ५५ किलोमीटर असा हिशेब निघतो. बोलीभाषेत यालाच गाडीचे ‘अॅव्हरेज’ म्हणतात.

हा आकडा हाती आला की टाकीच्या क्षमतेवरून पल्ला काढता येतो. हीरो स्प्लेंडर प्लसच्या टाकीत ९.८ लिटर पेट्रोल मावते. त्यातील १ लिटर राखीव धरल्यास ८.८ लिटर उरते. लिटरला ५५ किलोमीटरप्रमाणे त्यावर ४८४ किलोमीटर जाता येईल. ओझे, वारा आणि वाहतूक यांच्यासाठी सुमारे १५ टक्के सूट ठेवली, तर ४०० किलोमीटर झाल्यावर पेट्रोल भरणे हा साधा नियम होतो. मात्र हा नियम दुसऱ्या वाहनाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. होंडा अॅक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची आणि टीव्हीएस एक्सएल १०० या मोपेडची ४ लिटरची आहे. मोपेड लिटरला ५० किलोमीटर धावते असे धरले, तरी तिचा संपूर्ण पल्ला २०० किलोमीटरच होतो. प्रत्येक वाहनाचा आकडा स्वतंत्रपणे काढावा लागतो.

व्यवहारात या पद्धतीला अडथळा येतो तो रुपयांच्या हिशेबाने पेट्रोल भरण्याच्या सवयीचा. शंभर किंवा दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकणारा चालक किती लिटर घेतले ते पाहत नाही. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचे दर रोज ठरवले जाऊ लागले. त्यामुळे ठरावीक रकमेत मिळणारे पेट्रोलही बदलू शकते. दर लिटरला १०५ रुपये असेल, तर २०० रुपयांत सुमारे १.९ लिटर मिळते. थोडे थोडे भरणाऱ्यांनाही मोजदाद करता येते. त्यासाठी पावतीवरील लिटरचा आकडा आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवावे लागतात. महिन्यातून एकदा टाकी पूर्ण भरली की मधल्या सर्व नोंदींची बेरीज पडताळता येते.

नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. नेहमी लिटरला ५५ किलोमीटर देणारी गाडी एकाएकी ४५ वर आली, तर टायरमधील कमी हवा, घासणारा ब्रेक, कोंदलेला एअर फिल्टर किंवा पेट्रोलची गळती यांपैकी काहीतरी झाल्याचे ते लक्षण असते. काटा हे सांगू शकत नाही.

अंदाज चुकण्याची कारणे

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी ५० किलोमीटर वेगाने काढलेला हिशेब ताशी ८० किलोमीटरला लागू पडत नाही. मागे बसलेली व्यक्ती, सामान, समोरचा वारा आणि वारंवार थांबणे यांनीही खर्च वाढतो.

इंधनाच्या घटकांचाही संबंध येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार झाला. समान आकारमानाच्या इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के कमी ऊर्जा असते. प्रत्यक्ष अंतरात किती फरक पडेल हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. पण जुन्या नोंदींवर ठरवलेला पल्ला नव्याने तपासून घेणे इष्ट ठरते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले तर पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात आणि टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडते.

पंपावर मिळालेल्या मापाविषयी शंका असल्यास ग्राहकाला ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. या मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य मानला जातो. स्वतःच्या नोंदी असलेल्या ग्राहकाची शंका अधिक नेमकी असते.

सोलापूर परिसरातील संदर्भ

सोलापूर शहर पुणे-हैदराबाद मार्गावरील राष्ट्रीय महामार्ग ६५ वर वसले आहे. धाराशिव आणि विजयपूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ येथूनच जातो. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर इंधनवाहिनी शहराजवळच्या पाकणी येथील साठवण केंद्रापर्यंत येते. शहरापासून अक्कलकोट सुमारे ४०, तुळजापूर सुमारे ४५ आणि पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. या तीर्थक्षेत्रांना दुचाकीवरून जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांची संख्या मोठी असते. पंढरपूरची जा-ये सुमारे १५० किलोमीटरची होते. लहान टाकीच्या मोपेडच्या पल्ल्याचा तो मोठा भाग आहे. यात्राकाळात पंपांवर रांगा लागतात, म्हणून निघण्यापूर्वी टाकी भरणे श्रेयस्कर ठरते.

महामार्गांवर पंप जवळजवळ आढळतात, तर आडमार्गांवर ते विरळ होत जातात. जिल्ह्याची दक्षिण सीमा कर्नाटकाला लागून आहे आणि दोन राज्यांतील करांच्या फरकामुळे पेट्रोलचे दरही वेगळे असतात. स्वस्त बाजूला जाऊन भरू, या हिशेबाने रिकाम्या होत आलेल्या टाकीवर पुढे जाण्याचा मोह सीमेलगत होतो. लिटरमागे वाचणारे दोन-चार रुपये आणि रात्री निर्जन रस्त्यावर बंद पडण्याचा धोका यांची तुलना अशा वेळी करावी लागते.

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. हिवाळ्यातील गाळप हंगामात ऊस वाहणारे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने असतात. अंधारात अशा वाहतुकीत मोटारसायकल अकस्मात बंद पडली, तर तिचा वेग एकदम घटतो आणि मागून येणाऱ्या वाहनाला ती वेळेवर दिसेलच असे नाही. इंधनाची मोजदाद केवळ सोयीची बाब राहत नाही, ती या कारणाने.

उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पेट्रोल प्रत्येक अंशाला सुमारे हजारातील एक भाग इतके प्रसरण पावते. म्हणजे १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर ते सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभी राहिली, तर एवढे पेट्रोल बाहेर येऊ शकते. म्हणून ‘टाकी फुल्ल’ याचा अर्थ झाकणापर्यंत असा न घेता, भरण्याच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत असा घ्यावा. नोंदीसाठीही दर वेळी हीच एक खूण धरणे सोयीचे असते.

इंधन संपल्यास

इंजिन अडखळू लागताच प्रथम इशारा दिवा लावून वाहन रस्त्याच्या डाव्या कडेला, शक्यतो डांबरी भागाच्या बाहेर न्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक रिझर्व्हवर फिरवावा आणि कार्ब्युरेटर भरण्यासाठी काही क्षण थांबावे. रिझर्व्हही संपले असेल, तर थांबलेली गाडी कॉक असलेल्या बाजूला बरीच कलती करतात. त्यामुळे खोगिरासारख्या टाकीच्या दुसऱ्या कप्प्यात अडकलेले पेट्रोल उंचवटा ओलांडून कॉककडे येते आणि थोडे अंतर जाता येते. अनेकांना ही युक्ती माहीत असते, तिचे कारण मात्र क्वचितच ठाऊक असते.

इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाडीत या युक्तीवर विसंबू नये. टाकीतील पंप पेट्रोलमुळेच थंड आणि वंगणयुक्त राहतो. तो वारंवार कोरडा चालल्यास लवकर निकामी होऊ शकतो. पेट्रोल भरल्यानंतर किल्ली दोन-तीन वेळा चालू-बंद करून पंपाला नळीतील दाब पूर्ववत करू द्यावा आणि मगच इंजिन सुरू करावे.

टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र तपासावे. ते बुजले असेल तर टाकीत निर्वात निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष तेथेच असतो.

अंधारात टाकीत पाहण्यासाठी काडी किंवा लायटर कधीही पेटवू नये. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी असते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने टाकीभोवती खाली साचून राहते. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल आणणेही याच कारणाने धोक्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकावर, तसेच सर्वत्र आपत्कालीन मदतीसाठी ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

प्रचलित समज

पहाटे पेट्रोल भरल्यास जास्त मिळते, असे म्हटले जाते. पंपावरील साठा जमिनीखालील टाक्यांत असतो आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. त्यामुळे हा लाभ नगण्य असतो.

रिझर्व्हवर चालवल्यास गाळ इंजिनात जातो, हा समज अंशतः खरा आहे. तळालगतचा मार्ग वर्षानुवर्षे न वापरल्यास तेथे साचलेला गाळ किंवा पाणी प्रथमच ओढले जाऊ शकते. अधूनमधून कॉक रिझर्व्हवर फिरवून पाहिल्यास मार्ग मोकळा राहतो आणि ऐन वेळी दगा होत नाही.

काटा शून्यावर गेला तरी पेट्रोल असतेच, हा समज सर्वांत महागात पडतो. बहुतेक काटे शून्य दाखवताना थोडा साठा शिल्लक असतो हे खरे. परंतु तो किती हे वाहनागणिक वेगळे असते आणि फ्लोट झिजला की तेही बदलते.

विद्युत दुचाकी

फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने लुना हे नाव विद्युत रूपात पुन्हा बाजारात आणले. अशा वाहनांत पेट्रोलच्या जागी बॅटरीतील शिल्लक टक्क्यांत दाखवली जाते. हा आकडाही प्रत्यक्ष मोजलेला नसून विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह यांवरून काढलेला अंदाज असतो. बॅटरी जुनी होते तसे त्याच टक्क्यांवर मिळणारे अंतर घटते. एका पूर्ण भारणापासून दुसऱ्यापर्यंतचे किलोमीटर लिहून ठेवण्याची जुनी पद्धत त्यामुळे येथेही तितकीच उपयोगी पडते.